अभिजात कॉकटेल्स : इतिहास, हातकाम आणि नेहमीच्या शंका

कॉकटेलविषयी लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, वादाचे आणि अपवादाचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मापं मिलिलिटरमध्ये आणि एका ग्लासासाठी आहेत.

१. कॉकटेल म्हणजे नक्की काय? रम आणि कोक एकत्र केलं की झालं का कॉकटेल?

आजच्या बोलण्यात झालं. दारूत दुसरं काहीही मिसळलं की त्याला कॉकटेल म्हणतात, आणि त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. मूळ अर्थ मात्र बराच आखूड होता. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने वाचकाच्या शंकेला उत्तर म्हणून कॉकटेलची व्याख्या छापली : कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबाने घालायचा कडू अर्क, प्र. ११). बस, चार वस्तू. लिंबू नाही, फळं नाहीत, छत्री तर नाहीच.

या चारांपैकी दारू, साखर आणि बिटर्स यांच्यावर लोक तासन्‌तास बोलतात. पाणी सगळे विसरतात. खालचे निम्मे प्रश्न फिरून फिरून शेवटी पाण्यापाशीच येतात, हे वाचताना लक्षात येईलच.

२. मग 'अभिजात' कोणतं? ते कोण ठरवतं?

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिची एक अधिकृत यादी असते. पण ती अधूनमधून बदलते. माझी कसोटी सोपी आहे : जे पेय एका ओळीत सांगता येतं, फोनवरून सांगितलं तरी समोरच्याला बनवता येतं, आणि बाटली बदलली तरी ओळखू येतं, ते अभिजात. नेग्रोनी म्हणजे जिन, कंपारी (कडवट लाल इटालियन दारू) आणि गोड व्हर्मूथ (प्र. १२) समसमान. डायकिरी म्हणजे रम, लिंबू, साखर. ज्याच्या कृतीत अकरा वस्तू आणि एक धुराचं यंत्र आहे, ते चांगलं असू शकतं, पण दुसऱ्या गावात पोहोचत नाही.

३. कॉकटेल अमेरिकेचं, मग पंच भारतातला कसा काय?

कारण पंच कॉकटेलच्या आधीचा, जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यांवर आले तेव्हा बरोबर आणलेली बिअर आणि वाइन या हवेत टिकत नसे. इथे मिळत होती ताडामाडाची आणि गुळाची अर्क (गाळलेली कडक दारू), लिंबं, साखर आणि मसाले. ते सगळं एका मोठ्या भांड्यात पाण्यात कालवायचं, की झाला पंच. १६३२ मध्ये कंपनीच्या एका नोकराने लिहिलेल्या पत्रात हे नाव येतं. १६३८ मध्ये मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेला आला, त्यानेही दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर घातलेल्या अशाच पेयाची नोंद केली आहे. पाच घटकांवरून 'पंच' ही व्युत्पत्ती प्रसिद्ध आहे, पण अभ्यासकांत त्यावर एकमत नाही.

पुढे लंडनमध्ये पंच इतका मुरला की तिथल्या शौकिनांत गोव्याच्या अर्कालाच मान होता. आंबट, गोड, कडक, सौम्य आणि मसाला हा तोल पंचाने घालून दिला. एका ग्लासात बसणारी बहुतेक 'सावर' पेयं (डायकिरी, साइडकार, व्हिस्की सावर) म्हणजे त्याच पातेल्यातला एकेक डाव. म्हणून कॉकटेल ही परकी गोष्ट आहे असं कुणी म्हटलं की मला सुरतेची वखार आठवते.

४. घरी सुरुवात करायची तर सामान किती लागतं?

फार कमी. मापाचं भांडं (३० आणि ६० मिलि खुणांचं), शेकर, लांब दांड्याचा चमचा, गाळणी, लिंबूपिळणी. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची मोठी बरणी चालते. रस गाळायला चहाची गाळणी उत्तम, फक्त ती चहाची नसावी. कितीही घासली तरी तिला चहाचा वास राहतो.

माप मात्र सोडू नका. 'अंदाजाने' हा शब्द आमटीला शोभतो. डायकिरीत ५ मिलि साखरेने पेय इकडचं तिकडे होतं.

५. कृतीत औंस लिहिलेले असतात. त्याचं पेगमध्ये काय करायचं?

अमेरिकन औंस म्हणजे जेमतेम ३० मिलि, म्हणजे आपला छोटा पेग. दोन औंस म्हणजे लार्ज. पाऊण औंस २२ मिलि, अर्धा १५, पाव साडेसात. जुन्या ब्रिटिश पुस्तकातला औंस २८ मिलिच्या आसपास असतो, पण सगळे घटक एकाच मापाने घेतलेत तर फरक पडत नाही, कारण महत्त्व प्रमाणाला आहे.

६. शेक कधी करायचं आणि स्टर कधी?

लिंबाचा रस, दूध, मलई, अंडं असं काही गढूळ असेल तर शेक. सगळं पारदर्शक असेल, म्हणजे नुसती दारू, व्हर्मूथ, बिटर्स, तर स्टर. मार्टिनी, मॅनहॅटन, नेग्रोनी ढवळायची. डायकिरी, साइडकार हलवायची.

दोन्हींत होतं तेच : पेय थंड होतं आणि बर्फ वितळून त्यात पाणी जातं. ही दोन कामं वेगळी करता येत नाहीत, कारण बर्फ वितळतो म्हणूनच पेय इतकं गार होतं. दारू असल्यामुळे पेय शून्याच्याही खाली जातं. दहा-पंधरा सेकंद जोरात शेक केलं की ते उणे पाच अंशांच्या आसपास पोहोचतं, त्यापुढे हलवत बसून फारसा फायदा नाही. शेक करताना हवाही मिसळते, म्हणून वर फेस आणि जिभेला हलकेपणा. ढवळायला तीसेक सेकंद लागतात, पाणी थोडं कमी जातं, आणि पेय दाट, रेशमी राहतं.

ढवळणं म्हणजे खडखडाट नव्हे. चमच्याची पाठ ग्लासाच्या भिंतीला टेकवून फिरवायची, म्हणजे आतला सगळा बर्फ एकसंध गोळ्यासारखा गोल फिरतो आणि आवाज जवळजवळ येत नाही. ग्लासाला बाहेरून दव धरलं आणि बोटांना थंडी बोचू लागली की झालं. शंका असेल तर चाखा. दारू नाकात चढत असेल तर आणखी दहा सेकंद.

मार्टिनी शेक केली तर गुन्हा नाही. ती ढगाळ होते आणि थोडी पातळ लागते, एवढंच.

७. घरच्या फ्रिजचा बर्फ चालतो का? हॉटेलात काचेसारखा असतो तो कसा करतात?

चालतो, पण दोन गोष्टी पाहा. एक, वास. ट्रेशेजारी ओले बोंबील ठेवलेले असतील तर तुमची मार्टिनी ते सांगून टाकेल. ट्रेला झाकण हवं. दुसरं, ओलेपणा. पार्टीत टबात तासभर पडलेला बर्फ आधीच वितळू लागलेला असतो, त्याच्या अंगावरचं पाणी थंडावा न देता सरळ पेयात उतरतं. म्हणून बर्फ फ्रिजरमधून ऐनवेळी काढा, आणि शेकर गच्च भरा. कंजूषपणे घातलेले तीन खडे लगेच वितळतात आणि पेय पांचट होतं. जास्त बर्फ म्हणजे जास्त पाणी हा समज उलटा आहे.

काचेसारखा बर्फ हवा असेल तर पाणी एकाच दिशेने गोठू द्यावं लागतं. थर्माकोलच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या आइसबॉक्समध्ये पिण्याचं पाणी भरायचं, झाकण न लावता तो फ्रिजरमध्ये ठेवायचा. बाजू आणि तळ थंडीपासून झाकलेले असल्याने बर्फ वरून खाली धरत जातो आणि विरघळलेली हवा तळाशी ढकलली जाते. पूर्ण गोठण्याआधी काढा, खालचा पांढुरका भाग दातेरी सुरीने कापून टाका. बाजारातली लादी घेणार असाल तर ती खाण्याची आहे ना ते विचारा. अखाद्य बर्फाला निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला तो त्यासाठीच.

८. फ्रिज नव्हते तेव्हा लोक बर्फ आणायचे कुठून?

अमेरिकेतल्या तळ्यांमधून. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुशात बांधून, जहाजाने जगभर विकल्या. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कोलकात्याला पोहोचलं तेव्हा साधारण १०० टन शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघरं उभी राहिली. मद्रासचं अजून उभं आहे, त्याला आज विवेकानंदर इल्लम म्हणतात.

अमेरिकन कॉकटेलची भरभराट याच बर्फामुळे झाली. युरोपात दारू होती, साखर होती, पण रोजच्या दुकानात स्वस्त बर्फ नव्हता. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरचं १८६२ चं पुस्तक चाळलं तर पानोपानी बर्फ दिसतो.

९. साखरेचा पाक कसा करायचा? एकतारी चालेल?

तार आणूच नका. शिजवायचं नाहीये, फक्त विरघळवायचं आहे. साखर आणि पाणी समान वजनाने घ्या, कोमट करा, ढवळा, गार करा. फ्रिजमध्ये दोनेक आठवडे सहज टिकतो. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेतलं तर घट्ट पाक मिळतो, तो जास्त टिकतो आणि पेयात कमी पाणी नेतो. ओल्ड फॅशन्डला (प्र. १३) तोच बरा. कृतीत कोणता पाक म्हटलाय ते पाहा, नाहीतर गोडी बिघडते. गुळाचा पाक रमबरोबर छान जमतो, जिनबरोबर नाही.

१०. परदेशी कृतीत लेमन आणि लाइम वेगळं असतं. आपलं लिंबू कोणतं?

आपलं कागदी लिंबू लाइमच्या बाजूचं आहे, पण बहुतेक परदेशी कृती ज्या मोठ्या बिनबियांच्या लाइमवर बेतलेल्या असतात त्याहून लहान, जास्त आंबट आणि जास्त सुगंधी. म्हणून कृतीत ३० मिलि लाइम असेल तर २० ते २२ मिलिने सुरुवात करा. मी डायकिरी करते ती अशी : पांढरी रम ६०, लिंबू २२, साधा पाक २०. गंमत म्हणजे जुन्या क्यूबन डायकिरीतही असंच लहान लिंबू असायचं, त्यामुळे आपली डायकिरी मूळ चवीच्या जवळ जाते.

लेमन म्हणजे पिवळं, जाड सालीचं फळ. व्हिस्की सावर आणि साइडकारला ते लागतं. ते नसेल तर कागदी लिंबू कमी घेऊन काम भागतं, चव थोडी तीक्ष्ण येते.

खरी अडचण सालीची. कागदी लिंबाची साल इतकी पातळ की तिच्यातून तेलाचा फवारा उडत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल, हातात मऊ पडते. माल्टा किंवा घट्ट सालीचं संत्रं घ्या, आतला पांढरा भाग कमीत कमी येईल अशी पट्टी काढा, रंगीत बाजू पेयाकडे करून चिमटीत दाबा. उजेडात धरलंत तर पृष्ठभागावर तेलाची चमक पसरताना दिसते. ती चमक नसेल तर साल फक्त शोभेची.

११. बिटर्स म्हणजे काय? नाही मिळाले तर?

कडू मुळं, साली आणि मसाले कडक दारूत भिजवून केलेला अर्क. थेंबाने वापरायचा. सर्वांत प्रसिद्ध अँगोस्टुरा. योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात १८२४ मध्ये तो औषध म्हणून बनवला. १८७५ पासून कारखाना त्रिनिदादला आहे. बाटलीपेक्षा मोठं लेबल ही त्याची खूण. त्यात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं, हे दारू न पिणाऱ्या पाहुण्याच्या लिंबू-सोड्यात चार थेंब टाकण्याआधी सांगावं.

बिटर्सच्या कडवटपणाचा कणा बहुधा जेन्शियन नावाच्या मुळाचा. कोकणात ताप आला की आजी जे काडेचिराईत उकळून पाजायची ते त्याच कुळातलं. लवंग, दालचिनी, संत्र्याची वाळलेली साल आणि काडेचिराईताच्या दोन-तीन काड्या व्होडकात आठवडाभर भिजवून गाळलं की कामचलाऊ बिटर्स होतात. काड्या मात्र दोन दिवसांतच काढा. अँगोस्टुराची सर नाही, पण बिटर्सशिवाय ओल्ड फॅशन्ड म्हणजे नुसती गोड व्हिस्की.

१२. व्हर्मूथची बाटली तीन वर्षं कपाटात आहे. चालेल ना?

नाही. व्हर्मूथ ही वाइन आहे, वनौषधी घातलेली आणि थोडी कडक केलेली (साधारण १५ ते १८ टक्के). व्हिस्कीसारखी ती उघडी टिकत नाही. उघडली की फ्रिजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. 'मला मार्टिनी आवडत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांनी प्रत्यक्षात शिळं व्हर्मूथ प्यायलेलं असतं. गोड व्हर्मूथची परंपरा तुरिनची (कार्पानो, १७८६), कोरड्याची फ्रान्सची. मॅनहॅटनला गोड, ड्राय मार्टिनीला कोरडं.

१३. देशी व्हिस्कीत ओल्ड फॅशन्ड होतं का? आणि आपल्या बाटलीवर ४२.८ टक्के हाच आकडा का असतो?

होतं, पण कोणती देशी ते पाहा. स्वस्त भारतीय व्हिस्कीचा मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा असतो, त्यामुळे ती स्वभावाने रमच्या जवळ. ओल्ड फॅशन्डमध्ये लपायला जागा नाही, तिथे ते लगेच कळतं. अशा वेळी सरळ चांगली जुनी रम घ्या : रम ६०, घट्ट पाक ५, बिटर्सचे तीन थेंब, मोठा बर्फ, संत्र्याची साल. काळी रम या पेयात साध्या व्हिस्कीपेक्षा जास्त शोभते असं माझं ठाम मत आहे. बंगळूर आणि गोव्यातली सिंगल माल्टही चालते, पण ती मिसळायला जीव होत नाही.

४२.८ हा ब्रिटिशांचा वारसा. त्यांच्या जुन्या मोजणीत १०० 'प्रूफ' म्हणजे ५७.१ टक्के. त्याहून २५ अंश खाली, म्हणजे ७५ प्रूफ, बरोबर ४२.८ टक्के येतं. लेबलावरचं '२५ यू.पी.' (अंडर प्रूफ) म्हणजे तेच. परदेशी कृती ४० ते ५० टक्क्यांच्या दारूवर बेतलेल्या असतात, त्यामुळे आपल्याला बदल करावा लागत नाही.

नावाचा इतिहास छोटा आहे. प्र. १ मधली चार वस्तूंची कृती म्हणजेच हे पेय. १८७०-८० च्या सुमारास बारटेंडर त्यात आणखी लिक्योर (गोड, सुगंधी दारू) घालू लागले, तेव्हा कंटाळलेली गिऱ्हाइकं 'जुन्या पद्धतीचं द्या' म्हणू लागली.

१४. मॅनहॅटन चर्चिलच्या आईने शोधलं हे खरं का?

नाही. कथा अशी की १८७४ च्या शेवटी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबात जेनी जेरोमने दिलेल्या मेजवानीत ते जन्मलं. पण ३० नोव्हेंबर १८७४ ला ती इंग्लंडात ब्लेनमला विन्स्टनला जन्म देत होती. मॅनहॅटन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला छापील मजकुरात दिसू लागतं, एवढं खात्रीचं.

कॉकटेलच्या जन्मकथा आपल्याकडच्या स्थलपुराणांसारख्याच : प्रत्येक गावाची एक, आणि सगळ्या तितक्याच ठाम. त्यातल्या त्यात बरी स्थिती नेग्रोनीची (फ्लोरेन्स, १९१९, काउंट कामिलो नेग्रोनीने अमेरिकानोत, म्हणजे कंपारी, गोड व्हर्मूथ आणि सोडा यांच्या पेयात, सोड्याऐवजी जिन मागितली) आणि डायकिरीची (क्यूबातल्या खाणींवरचा अभियंता जेनिंग्स कॉक्स, १८९८ च्या सुमारास). तरी रम, लिंबू आणि साखर एकत्र करायला कॅरिबियनात कुणी अभियंत्याची वाट पाहत बसलं असेल असं वाटत नाही.

१५. वाईट दारूची चव लपवायला अमेरिकन दारूबंदीत कॉकटेल निघाली ना?

उलट. दारूबंदी १७ जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३. ओल्ड फॅशन्ड, मॅनहॅटन, मार्टिनी, डायकिरी सगळी त्याच्या आधीची. त्या तेरा वर्षांत अमेरिकेतलं हातकाम मोडलं. चांगले बारटेंडर देश सोडून गेले. हॅरी क्रॅडॉक लंडनच्या सव्हॉय हॉटेलात आला, जिथे त्याच्या आधी एडा कोलमन ही बाई मुख्य बारटेंडर होती आणि 'हँकी पँकी' हे कॉकटेल तिचं. १९३० चा सव्हॉयचा कृतिसंग्रह क्रॅडॉकचाच. म्हणजे अमेरिकन कला युरोपात जपली गेली.

मुंबईच्या दारूबंदीने आपल्याला परमिट रूम आणि 'आंटी'चे अड्डे दिले. कॉकटेल एकही नाही.

१६. जिन-टॉनिकने मलेरिया टळतो का?

नाही. टॉनिकमध्ये क्विनाइन (सिंकोना झाडाच्या सालीतलं मलेरियाचं औषध) असतं हे खरं, आणि सिंकोनाच्या सालीचं कडू औषध गोऱ्या साहेबांना सुसह्य करण्याच्या खटपटीतून ही चव आली हेही खरं. त्या सालीसाठीच १८६० च्या दशकात निलगिरी आणि दार्जिलिंगला सिंकोनाचे मळे लावले गेले. टॉनिकचं पहिलं पेटंट लंडनमध्ये १८५८ चं. पण आजच्या टॉनिकमध्ये क्विनाइन चवीपुरतं. अमेरिकेत मर्यादा लिटरला सुमारे ८३ मिलिग्रॅम आहे. उपचाराला मोठ्या माणसाला दिवसाला दीड ग्रॅमहून जास्त लागतं, म्हणजे अठरा-वीस लिटर टॉनिक. मच्छरदाणी लावा.

१७. सावरवर फेस अंड्याचाच असतो का? आमच्या घरी अंडं चालत नाही.

छोले भिजवून, मीठ न घालता शिजवल्यावर जे घट्टसर पाणी उरतं ते २५ मिलि घ्या. फेस तितकाच सुंदर येतो, चव थोडी मातकट, ती लिंबू-साखरेत झाकते. अंडं चालत असेल तर एका ताज्या अंड्याचा पांढरा बलक. कच्चं असल्यामुळे गरोदर स्त्रिया, लहानसहान आजारांनी खचणारी माणसं यांनी टाळावं. दोन्ही बाबतींत आधी बर्फाशिवाय शेक करा, मग बर्फ घालून (वेळ प्र. ६ मध्ये).

या प्रकाराचा कळस म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या हेन्री रामोसचा जिन फिझ, १८८८ चा. अंडं, मलई, दोन्ही लिंबं, संत्र्याच्या फुलांचं पाणी. इतका वेळ हलवावा लागे की त्याने त्यासाठी पोरांची रांग उभी केली होती.

१८. सॅझरॅक कोन्याकचं खरं की राय व्हिस्कीचं?

न्यू ऑर्लिन्सची रूढ कथा सांगते की आधी हे कॉकटेल कोन्याकचं (फ्रान्सच्या द्राक्षांच्या ब्रँडीचं) होतं, मग फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे खाल्ले, कोन्याक दुर्मीळ झाली आणि राय (राय धान्याची अमेरिकन व्हिस्की) आली. कथा पटण्यासारखी आहे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छापील कृतींत व्हिस्कीच दिसते. आज बरेच जण निम्मं-निम्मं करतात आणि माझ्या मते तेच सर्वांत चांगलं लागतं. ग्लासाला आतून अ‍ॅबसिंथ (बडीशेपेच्या वासाची कडक दारू) फिरवून ओतून टाकायची असते. अमेरिकेत १९१२ ला तिच्यावर बंदी आल्यावर तिथल्या लोकांनी बडीशेपेच्या जातीची दुसरी लिक्योर वापरली, त्यामुळे तुम्ही व्होडकात बडीशेप भिजवून तेवढं काम चालवलंत तर परंपरा मोडत नाही. बर्फ ढवळताना वापरा, ग्लासात ठेवू नका.

१९. मॉस्को म्यूल तांब्याच्या मगातच का? आमच्याकडे तांब्याचे पेले आहेत.

ती जाहिरातीची युक्ती होती. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये न खपणारी व्होडका आणि न खपणारं जिंजर बिअर एकत्र आणून विकलं गेलं आणि तांब्याचा मग त्याची ओळख बनला. तुमचे पेले आतून कल्हई केलेले असतील तर बिनधास्त वापरा. नसतील तर नको. लिंबू आणि उघडं तांबं यांचं काय होतं ते ताकाचा तांब्या आठवला की कळेल. विकतचे मग बहुधा आतून स्टीलचे किंवा निकेलचे असतात.

२०. फेणी अभिजात कॉकटेलमध्ये घालता येते का?

येते, पण ती यजमान होते, पाहुणी राहत नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या वाफेला मिळतो तो हुर्राक, हलका, उन्हाळ्यापुरता. तो पुन्हा गाळला की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा वास इतका ठाशीव की मार्टिनीत ती जिनची जागा घेऊ शकत नाही. डायकिरीत मात्र घेते : फेणी ३०, पांढरी रम ३०, लिंबू २२, पाक २०. साखरेऐवजी कोकमाचं गोड सरबत घातलं तर लिंबू निम्मं करा, कोकम स्वतःच आंबट आहे. हुर्राक शेकरमध्ये घालू नका. त्याला मीठ, लिंबू, चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा एवढंच.

२१. घरी पार्टीत कॉकटेल द्यायला महाराष्ट्रात परवाना लागतो?

१९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्यानुसार दारू बाळगायला आणि प्यायला वैयक्तिक परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वय कडक दारूसाठी २५, बिअर-वाइनसाठी २१. गोव्यात २१. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे. पैसे घेऊन देणार असाल तर प्रकरण वेगळं, आधी उत्पादन शुल्क कार्यालयात विचारा. आणि गाडी चालवणाऱ्याला देऊ नका, एका मॅनहॅटनमध्ये जवळजवळ अडीच छोटे पेग असतात हे चवीवरून कळत नाही.

२२. वीस पाहुणे आहेत. आधीच करून ठेवता येईल का?

ढवळायची पेयं नक्की येतील, पण त्यात पाणी घालावं लागेल. हे ऐकून लोक दचकतात. एरवी ढवळताना बर्फातून आलेलं पाणी शेवटच्या पेयाच्या पाचव्या हिश्श्याइतकं असतं. बाटलीत भरलेल्या पेयात बर्फ जाणारच नाही, मग ते पाणी आपण मोजून घालायचं. दहा मॅनहॅटनसाठी व्हिस्की ६००, गोड व्हर्मूथ ३००, बिटर्स चहाचा पाऊण चमचा, पिण्याचं पाणी २२५. वीस जणांना दुप्पट. बिटर्स मात्र एकदम दुप्पट न घालता चाखत वाढवा. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि शेवटचा तासभर फ्रिजरमध्ये. रात्रभर फ्रिजरमध्ये विसरलात तर पाण्यामुळे भुसभुशीत बर्फ होईल, थोडा वेळ बाहेर ठेवला की पूर्ववत.

लिंबाची पेयं आदल्या रात्री भरू नका, रस सकाळपर्यंत उतरतो. दारू आणि पाक एकत्र करून ठेवा, रस पाहुणे यायच्या तासभर आधी पिळा, आणि शेक त्या त्या वेळी करा. इथे वेगळं पाणी घालायचं नाही, शेकर ते घालतो. रामोस फिझ मागणारा एखादा निघालाच तर शेकर त्याच्याच हातात द्या.